पुण्यातून ग्रॅव्हल सायकलिंग: मावळ-मुळशीच्या कच्च्या रस्त्यांवर पहिल्यांदा जाताय तर हे वाचून जा

पुण्यात रोड सायकलवाल्यांचे रूट ठरलेले आहेत, सिंहगड पायथा, बोपदेव घाट, फार तर लोणावळा, त्यासाठी कोणाला फार विचारायला लागत नाही. पण डांबर सोडून आत वळायचं म्हटलं की नवीन माणूस अडकतो. ग्रुपवर विचारलं तर कोणीतरी जीपीएक्स फाईल (जीपीएसवर नोंदलेला आपला रूट) टाकतो, ती घेऊन आपण ऑगस्टमध्ये जातो आणि फाईल असते फेब्रुवारीतली, मग त्याने जो पट्टा वीस मिनिटांत पार केला तिथे आपण तास-दीड तास सायकल उचलून चिखल तुडवत बसतो. हे टाळता येतं. या भागात मी बऱ्यापैकी फिरलोय आणि नवीन येणाऱ्यांचे प्रश्न तेच तेच असतात म्हणून सगळं एका जागी लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कच्च्या रस्त्यावर नुसते किलोमीटर बघून बेत आखायचा नाही. रस्ता कशाचा आहे, महिना कुठला आहे आणि मध्येच सोडून परत यायचं झालं तर जवळचा पक्का रस्ता कुठे आहे, या तीन गोष्टींवर दिवस ठरतो. डांबरावर ताशी वीसने आरामात जाणारा माणूस मुरमाच्या चढ-उतारावर दहा-बारावर येतो, आणि त्यात काही चूक नाही. घाटमाथ्यावर चढ लांब नसतात पण छोटे, खडे आणि सतत असतात, त्यामुळे चाळीस किलोमीटर कच्चा म्हणजे पूर्ण दिवस धरा.

१. रस्ता कशाचा आहे ते ओळखायला शिका

मुरूम हा आपला खरा ग्रॅव्हल. नीट दबलेला मुरूम ऑक्टोबर-नोव्हेंबरात इतका मस्त असतो की डांबर नको वाटतं. तोच मुरूम फेब्रुवारीनंतर सुटतो, खाली कडक जमीन आणि वर सुटे खडे, आणि उतारावर पुढचं चाक सरकतं.

खडीचा रस्ता, म्हणजे डांबर टाकायच्या आधी अंथरलेली मोठी काळी खडी, हा सगळ्यात वाईट. टायरची बाजू कापते. असा पट्टा दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर सरळ दुसरा रस्ता बघा.

भातखाचरांच्या मधून जाणारे पाणंद रस्ते सुक्या दिवसात फार सुंदर, पण पावसात तिथली माती टायरला धरते आणि टायर आणि फ्रेमच्या मधली जागा भरून चाक फिरायचंच थांबतं. तेव्हा पॅडल मारून जोर लावू नका, डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) तुटतो. उतरा, कारवीची वाळकी काडी घ्या आणि आधी ब्रेकपाशी, मग मागच्या चाकाजवळ फ्रेमच्या दोन नळ्यांच्या मध्ये साचलेली माती उकरून काढा, पाणी असेल तर थोडं ओता, आणि मगच ढकला.

आणि वस्त्यांमधले सिमेंटचे रस्ते. दिसायला सोपे, पण जुलै ते सप्टेंबर त्यावर शेवाळ धरतं आणि झाडाखालच्या सावलीतल्या वळणावर हमखास घसरायला होतं.

२. सायकल कुठली

ग्रॅव्हल बाईकच (कच्च्या रस्त्यासाठीची जाड टायरची सायकल) पाहिजे असं अजिबात नाही. घरात हायब्रिड किंवा हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल) असेल तर पहिले काही महिने त्यावरच काढा, मग तुम्हाला कळेल की आपल्याला वेग पाहिजे का आराम. रोड बाईक मात्र नको, जाड टायरला जागाच नसते.

बघायच्या गोष्टी अशा. टायर ३८ ते ४५ मिलीमीटर, मावळात मी तर ४० च्या खाली जाऊच नका म्हणेन. डिस्क ब्रेक. आणि गिअर, हे लोक विसरतात, सगळ्यात हलक्या गिअरला पुढच्या चकतीचे दात मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीएवढे किंवा त्याहून कमी पाहिजेत, म्हणजे पुढे ३४ तर मागे ३४ किंवा जास्त. सपाटीवर याची किंमत कळत नाही, वेल्ह्याकडच्या पाबे घाटात कळते.

हवेचं सांगतो कारण यावर सगळ्यात जास्त फरक पडतो. पंपवाल्याकडे रोड सायकलसारखी ठासून हवा भरून घेऊ नका. ४० चं ट्यूबलेस टायर आणि साधारण सत्तर किलोचा माणूस असेल तर पुढे ३५ आणि मागे ३८ पीएसआयपासून सुरुवात करा, आत ट्यूब असेल तर पाच-सात जास्त, नाहीतर दगडावर आपटून ट्यूबला दोन भोकं पडतात. मग आपल्या अनुभवाने दोन-दोन पीएसआय वर-खाली करत जा.

ट्यूबलेस करायचं का? आपल्याकडे बाभळीचे काटे आहेत, म्हणून हो. फक्त आतलं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी टायर उघडून बघा.

३. सोबत काय घ्यायचं

हत्यारं: मल्टीटूल (त्यात चेन तोडायचं टूल पाहिजेच), दोन टायर लिव्हर, हातपंप, एक ट्यूब, ट्यूबलेसचे प्लग (मोठं भोक बुजवायला), चेनची जोडकडी, चार-पाच केबल टाय, जुन्या टायरचा कापलेला एक तुकडा (टायर फाटलं तर आतून लावायला) आणि तुमच्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा). या हँगरवर जोर देऊन सांगतो, तो प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, पुण्यातल्या दुकानातसुद्धा लगेच मिळेलच असं नाही, मग खांडी किंवा केळदसारख्या आतल्या गावात कुठून मिळणार. सायकल घेतानाच एक जास्तीचा घेऊन सीटखालच्या पिशवीत टाकून द्या.

कागद: आधार कार्डाची प्रत (वनखात्याच्या नाक्यावर नोंद करताना लागते), सायकलचं बिल आणि फ्रेम नंबरचा फोटो मोबाईलमध्ये, एका कागदावर घरच्यांचा नंबर आणि रक्तगट. आणि सुटे पैसे, दहा-वीस-पन्नासच्या नोटा, कारण रेंज नसली की यूपीआय चालत नाही आणि टपरीवाल्या मावशींकडे पाचशेचे सुटे नसतात.

पाणी किमान दोन लिटर, मार्चनंतर तीन. खायला चिक्की, राजगिरा लाडू, खजूर, मीठ लावलेले उकडलेले बटाटे. जेल वगैरे घ्यायचे तर घ्या, पण त्याची पाकिटं परत आणा.

४. रूट कसा शोधायचा

आधी घरी बसून. गुगल मॅप कच्चा-पक्का सांगत नाही, त्यामुळे सॅटेलाईट व्ह्यू लावून रस्ता पूर्ण बघून घ्या, कुठे रुंद आहे, कुठे झाडीत गायब होतो. स्ट्राव्हा ॲपचा हीटमॅप (लोक कुठून कुठून गेले ते दाखवणारा नकाशा) बघा, त्यावर रेघ ठळक असेल तर लोक जातात, पण ती रेघ ट्रेकर्सची पण असू शकते, म्हणून सायकल हा प्रकार निवडून बघा. ओपनस्ट्रीटमॅपवर पायवाट आणि गाडीवाट वेगळी दाखवलेली असते, ते उपयोगी पडतं. नकाशा ऑफलाईन उतरवून ठेवा, खोऱ्यात आत गेलं की रेंज जाते.

इथे पुण्याच्या आजूबाजूचा एक मोठा सापळा आहे. मुळशी आणि मावळात सॅटेलाईटवर जे सगळ्यात सुबक मुरमाचे रस्ते दिसतात, छान वळणं घेत डोंगरावर चढणारे, ते बऱ्याचदा फार्महाऊसच्या प्लॉटिंगचे असतात. वर जाऊन भिंत लागते किंवा गेटवर वॉचमन थांबवतो. रस्ता एखाद्या वाडीपर्यंत किंवा मंदिरापर्यंत जातोय का ते बघा, जात असेल तर तो बहुतेक गावाचा रस्ता. नुसताच चौकोनी तुकड्यांमध्ये फुटत जात असेल तर सोडा.

मग तिथे गेल्यावर विचारायचं. आणि कसं विचारायचं याला फार महत्त्व आहे. "काका, या रस्त्याने सायकल जाईल का?" असं विचारलंत तर उत्तर "जाईल की" असंच येणार, कारण ते स्वतः डोक्यावर भारा घेऊन त्याच वाटेने रोज जातात, त्यांच्या हिशोबाने तुमची सायकल का नाही जाणार. त्याऐवजी विचारा, पुढच्या गावाला एसटी येते का? येत असेल तर डांबर आहे. ट्रॅक्टर किंवा जीप जाते का? जात असेल तर आपल्याला पाहिजे तो रस्ता. मोटरसायकल जाते का? म्हणजे जमेल पण मध्ये मध्ये उतरायला लागेल. "गुरं जातात" म्हणाले तर सायकल खांद्यावर घ्यायची तयारी ठेवा. शेवटचा प्रश्न, ओढ्यावर साकव आहे का पाण्यातून जायचं? हे सगळं सगळ्यात बरोबर सांगणारा माणूस म्हणजे दूधवाला, सकाळी कॅन लावून मोटरसायकलवर भेटतो, त्याला प्रत्येक वाडीचा आजचा रस्ता माहीत असतो. अंतर मात्र किलोमीटरमध्ये विचारू नका, "किती वेळ लागतो चालत" असं विचारा.

५. कुठून सुरुवात करायची

सोप्याकडून अवघडकडे देतोय. एक लक्षात ठेवा, रस्त्यांची कामं सतत चालू असतात, आज मुरूम असलेला पट्टा पुढच्या वर्षी सिमेंटचा झालेला असतो.

पहिली राईड: कोळवण खोरं. पौडवरून कोळवण, हाडशी, जवण, तिकोनापेठ आणि पवनानगर. मुख्य रस्ता पक्का आहे, आणि म्हणूनच हा नवीन माणसाला योग्य, दोन्ही बाजूंना शिवारात जाणारे कच्चे फाटे आहेत, जमेल तेवढं आत जायचं आणि कंटाळा आला की परत पक्क्यावर. तिकोना किल्ला सतत समोर असतो त्यामुळे दिशा चुकत नाही. पुढे पवनानगरवरून कामशेतला उतरलात की लोकल. सायकल लोकलमध्ये न्यायची तर आधी स्टेशनवर लगेजची चौकशी करून घ्या, आणि दुपारी लोकल कमी असतात तेही वेळापत्रकात बघून ठेवा. फक्त चांदणी चौक ते पिरंगुट हा पट्टा उजाडायच्या आत पार करा, नंतर डंपर आणि गाड्यांमध्ये सायकल चालवण्यात मजा नाही. गाडीला रॅक असेल तर पौडपर्यंत गाडीनेच जा, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी: पवना धरणाच्या कडेने. तिकोनापेठवरून चावसर, मोरवे, तुंगवाडी आणि वर घुसळखांबला लोणावळ्याच्या रस्त्याला लागायचं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला तुंग किल्ला. शनिवार-रविवारी कॅम्पिंगवाल्यांच्या गाड्या प्रचंड असतात, मधल्या वारी सुट्टी काढून जाता आलं तर बघा.

तिसरी: आंदर मावळ. माझा सगळ्यात आवडता भाग हाच. कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुक, वडेश्वर आणि पुढे ठोकळवाडी धरणाच्या कडेने खांडी किंवा कुसूरकडे. हे धरण टाटांचं, ब्रिटिश काळातलं, याचं पाणी खाली भिवपुरीला वीज करायला जातं. खोरं लांबलचक आहे आणि जितकं आत जाल तितकी गर्दी कमी, झाडी जास्त. कुसूरच्या पुढे पठार संपतं आणि समोर एकदम कोकण दिसतं, तिथून खाली जाणारी कुसूर घाटाची वाट ही जुनी पायवाट आहे, नकाशावर रेघ दिसली म्हणून सायकल घेऊन उतरू नका. डोंगरावर पवनचक्क्या दिसतील, त्यांच्यासाठी काढलेले मुरमाचे रस्ते बघून हात शिवशिवतात, पण ते कंपनीचे, गेटवर विचारल्याशिवाय जायचं नाही. टाकवे सोडलं की दुकानं कमी होत जातात, खायचं-प्यायचं तिथेच भरून घ्या.

चौथी: लोणावळा ते ताम्हिणी, घाटमाथ्यावरून. घुसळखांब, पेठ शहापूर, आंबवणे, सालतर, भांबर्डे, पिंपरी, निवे. हा पूर्ण दिवसाचा बेत, डांबर आणि उखडलेलं डांबर आलटून-पालटून, मध्ये मध्ये दाट जंगल आणि वाटेत तैलबैलाच्या दोन कातळभिंती. एकट्याने पहिल्यांदा करू नका.

पाचवी: वेल्ह्याची बाजू. खानापूरवरून पाबे घाट चढून वेल्हे आणि तिथून केळद, मढे घाटाचा माथा. तानाजी मालुसऱ्यांचा देह याच घाटाने कोकणात उमरठला नेला असं सांगतात. चढ खरे आहेत, पाय तयार झाल्यावरच जा.

६. परवानगी कुठे लागते

साधा हिशोब असा, गावाचा रस्ता आणि पीडब्ल्यूडीचा रस्ता सगळ्यांचा. पण अभयारण्य लागलं की नियम बदलतो. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे, शेकरूसाठी, आणि ताम्हिणी २०१३ पासून. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुख्य रस्ता सोडून आत जाणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. अंधारबनची वाट ताम्हिणीच्या भागात येते, ती चालायची वाट आहे, तिथे सायकल नेऊच नका. शंका असेल तर वनखात्याची हेल्पलाईन १९२६ आहे, किंवा जवळच्या वनरक्षकाला विचारा, नीट विचारलं की नीट सांगतात.

लष्कराच्या जमिनीचं पण लक्षात ठेवा. खडकवासल्याजवळ एनडीए, लोणावळ्यात आयएनएस शिवाजी हे नौदलाचं केंद्र, आणि इतर ठिकाणी फायरिंग रेंज आहेत. नकाशावर वाट दिसते, कुंपण तुटलेलं असतं, तरी आत जायचं नाही.

पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात, धबधबे, धरणं, काही घाट बंद होतात. निघायच्या आदल्या दिवशी बातम्या बघा.

७. कुठल्या महिन्यात

ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत सगळ्यात भारी. जमीन दबलेली, ओढ्यांना थोडं पाणी, गवत पिवळं व्हायला लागलेलं. फक्त दिवस लहान असतो, नोव्हेंबर-डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराच्या सावलीतल्या खोऱ्यात त्याच्या आधीच अंधारतं. चारनंतर नवीन कच्च्या रस्त्यात शिरायचं नाही हा नियम ठेवा, बिबट्याचा वावर सगळीकडे आहे.

फेब्रुवारी-मार्चपासून मुरूम सुटतो, धूळ वाढते आणि वणवे लागतात. लांब धूर दिसला तर वाऱ्याची दिशा बघा आणि मागे फिरा. एप्रिल-मेमध्ये जायचं तर पहाटे पाचला निघून दहाला सावलीत. जून ते सप्टेंबर कच्चा रस्ता सोडा, पक्क्या आडरस्त्यांवर राहा. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढंच दिसतंय म्हणून घुसू नका, खालची फरशी तुटलेली असेल तर वरून कळत नाही. थांबा किंवा परत फिरा.

८. चालवताना

उतारावर वजन मागे, हात सैल, आणि ब्रेक वळणाच्या आधी. वळणात पुढचा ब्रेक दाबला की सुट्या मुरमावर चाक गेलंच.

पंक्चरचं एक सांगतो. ट्यूब बदलताना घाई करू नका. बाभळीचा काटा बाहेरून मोडतो आणि त्याचं टोक टायरच्या आत राहतं, नखाएवढंसुद्धा नसतं, डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतून रुमाल फिरवा, जिथे अडकेल तिथे टोक आहे, चिमट्याने नाहीतर दुसऱ्या काट्याने उलटं ढकलून काढा. टोक तसंच ठेवून ट्यूब घातलीत तर पाच मिनिटांत दुसरी पंक्चर.

धनगरांची कुत्री मागे लागली तर सायकल पळवू नका, उतरा, सायकल मध्ये धरा आणि हळू चाला, मालक हाक मारतोच. कातळाजवळ आग्यामोहोळ असतं, तिथे आवाज, धूर, उग्र परफ्यूम नको. गवतात आणि दगडाच्या फटीत हात घालू नका, फुरसं छोटं असतं आणि मातीच्या रंगाचं. चावलं तर कापाकापी, घट्ट बांधणं काही करायचं नाही, हात-पाय हलवायचा नाही, १०८ ला फोन आणि सरळ ग्रामीण रुग्णालय. रेंज नसेल तर गावातली जीप. निघताना घरी रूट आणि "अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर" हे सांगून ठेवलेलं असू द्या.

९. गावात कसं वागायचं

हे मी मनापासून लिहितोय. आपण ज्याला ट्रेल म्हणतो तो कोणाचा तरी शेतावर जायचा रस्ता आहे. समोरून गुरं आली तर थांबून कडेला व्हा, घंटी वाजवू नका, म्हैस बुजली तर मागच्या आजींना त्रास होतो. भाताच्या बांधावरून सायकल नेऊ नका, बांध ढासळला तर खाचरातलं पाणी जातं. फाटक उघडलंत तर लावा. देवराई लागली तर उतरून चालत जा, आतलं काही तोडू नका. बायका शेतात काम करत असतील तर न विचारता फोटो नको. स्पीकर घरी ठेवा.

दुपारचं जेवण गावातच घ्या. सकाळी जाताना एखाद्या घरगुती हॉटेलात सांगून गेलात, "मावशी, एक वाजता चार माणसं येतो, पिठलं-भाकरी करा", तर गरम जेवण मिळतं आणि पैसे गावात राहतात. सांगितलं असेल तर उशीर झाला तरी तिथेच जा, त्यांनी तुमच्यासाठी चूल पेटवलेली असते.

१०. परत आल्यावर

त्याच दिवशी सायकल धुवा, पण प्रेशर पंपाने नको, बेअरिंगमध्ये पाणी जातं. बादली, ब्रश, चेन पुसून तेल. ब्रेक पॅड बघा, चिखलाच्या एका राईडमध्ये अर्धे संपलेले असू शकतात. टायर बोटाने चाचपून बारीक काटे काढा.

आणि तुमची जीपीएक्स फाईल कोणाला द्याल तेव्हा सोबत एवढं लिहा: महिना कुठला होता, कुठून कुठपर्यंत मुरूम, कुठे खडी, ओढ्याला पाणी किती, पाणी-खाणं शेवटचं कुठे मिळालं, सायकल किती वेळ ढकलायला लागली.